राजदूत ३५०: दोन कार्ब्युरेटर आणि त्यांची सीलं

८ जून २०२५, रविवार

गाडी राजदूत ३५०, १९८६चं मॉडेल, एलटी. एस्कॉर्ट्सने १९८३ साली यामाहाची आरडी ३५० इथे आणली, मग मायलेजच्या ओरड्यामुळे हाय टॉर्कच्या जोडीला लो टॉर्क आली. ही ती दुसरी जात. मालक माझा आतेभाऊ. त्याच्या सोसायटीत पेट्रोलच्या वासावरून कुरबुर सुरू झाली म्हणून गाडी माझ्या कोथरूडच्या पार्किंगमध्ये येऊन पडली आहे.

तक्रारी अशा. उजव्या कार्ब्युरेटरच्या तळातून थेंब थेंब पेट्रोल. डावा स्पार्क प्लग कायम काळा. आणि गाडी गरम झाली की रेस सोडल्यावर इंजिन लगेच खाली येत नाही, वरच्या वर रेंगाळतं. आतेभावाचं निदान एका वाक्यात: "कार्ब्युरेटर गेले, नवीन टाकू." कार्ब्युरेटर जपानी मिकुनी कंपनीचे, त्यांची बॉडी सहजासहजी जात नाही. जातं ते रबर.

कार्ब्युरेटरखाली पेट्रोल साठतं ती वाटी, तिचे स्क्रू जपानी क्रॉसचे आहेत. नेहमीचा फिलिप्स पेचकस त्यात पूर्ण बसत नाही आणि जोर दिला की वर उसळून डोकं गोल करतो. यातल्या निम्म्या स्क्रूंची ती गत आधीच झालेली. जपानी टोकाचा पेचकस लावून, मागून हातोडीची हलकी टिचकी देत सगळे काढले.

उजवा उघडल्यावर थेंबाचं कारण दिसलंच. तळाच्या प्लगवरची (म्हणजे बुचावरची) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, बारीक आहे, आणि ती पुरत नाही म्हणून कोणीतरी वरून लाल सिलिकॉन सीलंट फासलंय. सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं, त्याचे तंतू सुटतात आणि जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात, जाऊन बसतात. पायलट जेटमधून असाच एक तंतू ओढून काढला.

बाकीचं रबर आणि पॅकिंग: वाटीचं पॅकिंग (कडक, तुकडे झालेले), फ्लोट पीनच्या (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी सुई) सीटखालचा वॉशर, चोकच्या पिस्टनच्या बुडाची रबरी चकती, केबलच्या टोपीवरचं रबर, कार्ब्युरेटर आणि इंजिनमधले रबरी जॉइंट, आणि पेट्रोल कॉकच्या आतलं सगळं. डावं-उजवं वेगळं ठेवलंय. बॉडी धुवायच्या आधी रबर काढून घेतलं, कारण कार्ब क्लीनर रबरावर गेला की मग त्याचं मूळ माप काय होतं हे कळायला मार्ग नाही.

१० जून, मंगळवार

जेवणं आटोपल्यावर मापं.

जुन्या रिंगचं माप घेऊन दुकानात जायची पद्धत सगळीकडे आहे आणि तीच निम्म्या गळत्यांचं मूळ आहे. चाळीस वर्षं दाबली गेलेली रिंग चपटी होते, पेट्रोलमधून बाहेर काढल्यावर काही वेळ फुगलेली असते, वाळली की आक्रसते. शिवाय ती मुळातली आहे की मधल्या कोणी कोंबलेली, हेही माहीत नसतं. म्हणून माप खाचेचं घ्यायचं. खाच बदलत नाही.

तळाच्या प्लगची मान ९.९ मिमी, खाचेची खोली १.४५ मिमी. निघालेल्या रिंगची जाडी मुळात १.५ असावी. म्हणजे प्लग पूर्ण आवळल्यावर ती जेमतेम ३ टक्के चेपली जात होती. स्थिर जागेच्या ओ-रिंगला १५ ते ३० टक्के चेपणं लागतं. ३ टक्क्यांवर गळणारच, आणि मग माणूस सीलंटची ट्यूब शोधतो.

जपानी गाडी आहे म्हणून जपानी मानक उघडलं, जेआयएस बी २४०१. त्यात पी मालिकेच्या छोट्या रिंगा (पी ३ ते पी १०) १.९ मिमी जाडीच्या असतात. एस मालिकेच्या छोट्या रिंगा १.५ च्या, म्हणजे आमच्या उजव्या प्लगवर बहुतेक एसमधलीच बसवलेली होती. पी १० चा आतला व्यास ९.८, जाडी १.९. आमच्या मानेवर ती किंचित ताणून बसेल (ताण ५ टक्क्यांच्या आत हवा, इथे १ टक्का) आणि ०.४५ मिमी, म्हणजे २४ टक्के चेपली जाईल. हीच ती.

अमेरिकन मापांत, एएस ५६८ मध्ये, जवळची जाडी १.७८ आहे. ती लावली तरी चेपणं साडेअठरा टक्के येतं, म्हणजे चालेल. पण दुकानात १.७८ ला "पावणेदोन" म्हणतात, १.९ ला "दोन" म्हणतात आणि खऱ्या दोनलाही "दोन"च म्हणतात. व्हर्नियर खिशात हवा.

कॉकच्या रिंगाही अशाच खाचेवरून मापल्या. आकडे वहीच्या शेवटच्या पानावर.

१४ जून, शनिवार

नाना पेठ. दुचाकीचा सुटा भाग पुण्यात मिळत असेल तर तो इथे मिळतो, हे आजही खरं आहे. फक्त काउंटरवर भाषा गाडीच्या नावाची चालते. तुम्ही "राजदूत साडेतीनशे" म्हणालात की चक्र फिरायला लागतं. "पी दहा ओ-रिंग" म्हणालात की समोरचा माणूस तुमच्याकडे आयकर खात्यातून आल्यासारखं बघतो.

"साडेतीनशेचं कार्ब्युरेटर किट आहे?"

"जोडी घ्यावी लागेल. सुटं नाही."

जोडी काउंटरवरच उघडून बघितली. वाटीचं पॅकिंग, फ्लोट पीन आणि सीट, काही जेट, रिंगा. रिंगेचं माप घेतलं, १.९, म्हणजे माप तरी बरोबर.

"रबर कशाचं आहे?"

"रबराचंच."

यावर पुढे बोलण्यासारखं काही नव्हतं. किट घेतलं, कारण सीटखालचे वॉशर आणि पॅकिंगचा नमुना उपयोगाचा आहे. पितळी जेट मात्र वापरणार नाही. किटातल्या जेटवर आकडा एक आणि भोक दुसरंच, असं पूर्वी बघितलंय. मूळचे मिकुनी शिक्क्याचे जेट साफ करून तेच परत जातील.

दुसऱ्या एका दुकानात सुट्या तपकिरी रिंगा मिळाल्या. "व्हायटन आहे, रंग बघा की." व्हायटन म्हणजे पेट्रोलमध्ये टिकणारं रबर, पण रंगावरून काही ठरत नाही. व्हायटन काळ्यातही येतं आणि तपकिरी रंग कशातही घालता येतो. तरी दहा घेतल्या, तपासायला.

१८ जून, बुधवार

मंगळवार पेठेतला जुना बाजार. कार्ब्युरेटरच्या जॉइंटची एक जोडी सीलबंद, पिवळ्या पडलेल्या पाकिटात. विकणारा "ओरिजिनल जपान" म्हणत होता आणि पाकिटावरून ते खरंही असेल. पाकिटावरूनच बोटाने दाबून बघितलं, लाकूड. रबर न वापरताही म्हातारं होतं. नायट्राइलचं, म्हणजे अशा सीलांच्या नेहमीच्या रबराचं, आयुष्य नीट साठवलेल्या बंद पाकिटातही साधारण १५ वर्षं धरतात. व्हायटनला तशी मर्यादा मानत नाहीत, पण १९८०च्या दशकातल्या जॉइंटमध्ये व्हायटन कुठून असणार. तिथेच ठेवून दिले.

२० जून, शुक्रवार

दोन्ही पालख्या आज शहरात. तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, माउलींची भवानी पेठेत. त्या भागात रविवारपर्यंत सुट्या भागांचं नाव काढू नये. घरी बसून पेट्रोल तपासलं.

मोजपात्रात ८० मिली पेट्रोल, त्यावर २० मिली पाणी, झाकण लावून हलवलं आणि ठेवून दिलं. (उघड्यावर, ज्योतीपासून लांब.) इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. खालच्या थराची रेघ २० वरून ३५-३६ च्या आसपास गेली. म्हणजे पंपावरचं पेट्रोल ई२०, २० टक्के इथेनॉलचं, आहे, अपेक्षेप्रमाणे.

ही गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं आणि रबर त्या हिशेबाने निवडलेलं होतं. साधं नायट्राइल निव्वळ पेट्रोलमध्ये बरं टिकतं. इथेनॉल मिसळलं की ते जास्त फुगतं, आणि गंमत म्हणजे सर्वात जास्त फुगणं शुद्ध पेट्रोलमध्येही नाही आणि शुद्ध इथेनॉलमध्येही नाही, तर मधल्याच मिश्रणांत, साधारण १० ते २५ टक्क्यांच्या पट्ट्यात, होतं. म्हणजे आपण नेमके त्याच पट्ट्यात राहतो. शिवाय पेट्रोल रबरातलं मऊ ठेवणारं तेल बाहेर ओढतं. गाडी महिनाभर उभी राहून वाटी सुकली की तीच रिंग पहिल्यापेक्षा लहान आणि कडक होते. पावसाळ्यात उभ्या ठेवलेल्या गाड्या दिवाळीला गळतात त्याचं एक कारण हे.

घट्ट झाकणाच्या बरणीत आजचंच पेट्रोल भरून किटातली एक रिंग टाकली. सोबत ब्रेकच्या सामानातली एक ईपीडीएमची रिंग. ब्रेक ऑइलला ईपीडीएम उत्तम, पेट्रोलला अजिबात नाही. दिसायला दोन्ही काळ्या, म्हणून बरणीला चिठ्ठी लावली, आणि आईने ती बरणी लोणच्याच्या फळीवरून हलवायला लावली.

२८ जून, शनिवार

भोसरी एमआयडीसी. (गुरुवारी जाऊ नये, त्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते.)

या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात कामाचा दिवस. हायड्रॉलिक आणि न्यूमॅटिकची सीलं विकणारं दुकान, गिऱ्हाईक म्हणजे प्रेसवाले, इंजेक्शन मोल्डिंगवाले. तिथे गाडीचं नाव कोणी विचारत नाही.

"पी दहा, व्हायटन, सत्तर-पंचाहत्तर शोअर."

"किती नग?"

बस. माप, रबर आणि कडकपणा (शोअर), दोन शब्दांत संपलं. नाना पेठेत जो प्रश्न समजावता समजावता चहा संपतो तो इथे ड्रॉवर उघडून सुटतो. रिंग हा मोटारसायकलचा भाग नाही, तो कारखान्याचा माल आहे. आपण तो चुकीच्या पेठेत मागत असतो.

पोऱ्याने पहिल्यांदा पी १० ए काढून दिली. हा सापळा ओळखून असावं. पी १० आणि पी १० ए, दोन्हींचा आतला व्यास ९.८ च, पण ए म्हटलं की जाडी २.४. खाचेत ती मावत नाही, प्लग आवळताना कडेने कातरली जाते आणि कातरलेला तुकडा वाटीत पडतो. व्हर्नियर लावून परत केली. काउंटरवरचे काका हसून म्हणाले, "साहेब, तुम्ही क्वालिटीत आहात का?" आहे.

किंमत: नायट्राइल ३ रुपये नग, व्हायटन १५. दोन कार्ब्युरेटर आणि कॉक मिळून फरक एका चहा-क्रीमरोलचा. इतक्यासाठी कोणी नायट्राइल का घालावं हे मला कळत नाही, पण किट बनवणारा हजारात घालतो, त्याचा हिशेब वेगळा.

व्हायटन हे खरं तर एका कंपनीचं व्यापारी नाव. ड्युपाँटने १९५७ साली बाजारात आणलं, आता केमोर्सकडे आहे. आपल्याकडे कुठल्याही फ्लोरो रबराला व्हायटनच म्हणतात, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा. बिलावर काकांनी "एफकेएम", म्हणजे फ्लोरो रबर, लिहून दिलं.

२ मिमी जाडीचा व्हायटन शीटचा तळहाताएवढा तुकडाही घेतला. चोकसाठी आणि कॉकच्या दांड्याखालच्या भोकांच्या चकतीसाठी. त्यांच्याकडे व्हायटनची दोरीही मीटरवर मिळते. तिरकी कापून सुपरग्लूने जोडली की हव्या त्या व्यासाची रिंग तयार. मोठ्या व्यासाला ठीक आहे, पण जोड कडक राहतो. १० मिमीच्या रिंगेत तो जोड म्हणजेच अर्धी रिंग.

२९ जून, रविवार

नाना पेठेतल्या तपकिरी दहा आणि भोसरीच्या काळ्या दहा. कोण व्हायटन?

रबर जाळून बघायची एक पद्धत सांगतात. करू नये. फ्लोरो रबर जळताना हायड्रोजन फ्लोराइड निघतो आणि तो वायू फुफ्फुसांशी खेळतो. त्यापेक्षा वजन करावं. नायट्राइलची घनता साधारण १.२ ते १.३, फ्लोरो रबराची १.८ ते १.९. हा फरक सोन्याच्या काट्यावर सहज दिसतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला काटा माझ्याकडे आहे.

एका रिंगेचं आकारमान: मधला व्यास ९.८ अधिक १.९, म्हणजे ११.७. त्याचा घेर ३६.७६ मिमी. जाडीच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ २.८४ चौरस मिमी. गुणाकार १०४ घन मिमी. दहा रिंगा म्हणजे १.०४ घन सेंमी. एकच रिंग मोजू नये, काट्याची चूक त्यात बुडून जात नाही.

तपकिरी दहा: १.२९ ग्रॅम. घनता १.२४.
काळ्या दहा: १.९५ ग्रॅम. घनता १.८७.

तपकिरी नायट्राइल निघालं, रंगवलेलं. काळं खरं. तपकिरी रिंगा टाकून दिल्या नाहीत, गॅरेजमधल्या पाण्याच्या नळाला उपयोगी पडतील.

भोसरीची एक काळी रिंगही आता बरणीत.

६ जुलै, आषाढी एकादशी

घरात साबुदाणा, पार्किंगमध्ये चोकचा पिस्टन.

मिकुनीमध्ये चोक म्हणजे झडप नसते, तो वेगळा छोटा रस्ता असतो. पितळी पिस्टन खाली असला की त्याच्या बुडाची रबरी चकती तो रस्ता बंद ठेवते. वर ओढला की जास्तीचं पेट्रोल येतं. ही चकती कडक झाली आणि तिच्यावर बसणीचा गोल वण कोरला गेला की चोक बंद असूनही पेट्रोल ओढलं जात राहतं. डाव्याचा वण नखाला लागत होता. डावा प्लग काळा पडायचं कारण जेट, निडल, फ्लोट यांत शोधण्यात लोकांचे रविवार जातात, आणि गुन्हेगार हा बसलेला असतो. पिस्टन जागेवर ठेवून त्या रस्त्यात नळीने फुंकर मारली. डाव्यात हवा सुटत होती, उजव्यात नाही.

नवा पिस्टन सुटा मिळत नाही, मिळाला तर त्याचं रबर कोणत्या सालचं हा प्रश्न. म्हणून चकती बदलायची. जुनी चकती सुईने उकरून काढली. ती पितळेच्या आत वळवलेल्या कडेखाली धरलेली असते, त्या कडेला धक्का लागू द्यायचा नाही. खाचेचा व्यास मापला, त्याहून ०.२ मिमी मोठी चकती हवी. शीट तासभर फ्रीजरमध्ये ठेवली. व्हायटन थंडीत लवकर ताठ होतं आणि पंच सरळ उतरतो. गरम, मऊ शीटवर पंच मारला की चकती शंकूसारखी कापली जाते, वर लहान, खाली मोठी. खाली लाकडाचा आडवा कापलेला ओंडका, एकच घाव. चकती बोटाने आत सरकवली, बोथट पितळी काडीने कडेखाली बसवली. पृष्ठभाग सपाट आहे हे काचेवर टेकवून पाहिलं.

दोन्ही बाजूंना नवीन घातली. फुंकर मारली, दोन्ही बंद.

बरणीतले आकडेही आज घेतले. किटातली रिंग १.९० ची २.०७ झाली. भोसरीची १.९० ची १.९२. ईपीडीएमची इतकी फुगली आणि मऊ झाली की व्हर्नियरच्या जबड्यात धरताच येईना. तिन्ही बाहेर वाळत ठेवल्या.

८ जुलै. किटातली रिंग वाळून १.८४, सुरुवातीपेक्षा कमी आणि नखाला जाणवेल इतकी कडक. भोसरीची पुन्हा १.९०.

१३ जुलै, रविवार

वाटीचं पॅकिंग. किटातलं कागदी होतं, भोकं थोडी सरकलेली. त्यावरून बाहेरचा आकार घेतला आणि नायट्राइल बांधणीच्या, अॅस्बेस्टॉस नसलेल्या ०.८ मिमी शीटमधून नवीन कापलं. शीट वाटीवर धरून गोल डोक्याच्या छोट्या हातोडीने कडेवर हलकं टिपत गेलं की कड आपोआप कापली जाते, ही आमच्या मेकॅनिक उस्तादांची जुनी रीत. फक्त ती बॉडीच्या बाजूने करायची नाही, झिंकची कड दबते. हवेच्या वाटा झाकल्या जात नाहीत ना हे पॅकिंग बॉडीवर ठेवून उजेडात पाहिलं. हवेची वाट बंद झाली तर वाटीत पेट्रोल नीट उतरत नाही आणि मग लोक पुन्हा फ्लोटला दोष देतात.

फ्लोट पीनच्या सीटखालचा वॉशर लहान दिसतो म्हणून दुर्लक्षित राहतो. त्याचे दोन धंदे. एक, तिथून गळालं तर पीन गळतेय असं वाटतं आणि नवी पीन टाकूनही फरक पडत नाही. दोन, त्याची जाडी बदलली की सीट खाली-वर होते आणि पेट्रोलची पातळी बदलते. तरफेमुळे तो फरक फ्लोटच्या टोकाशी दोन-तीन पट होऊन दिसतो. जुना १.० मिमी, किटातला १.४. किटातला काचेवरच्या बारीक पॉलिश पेपरवर घासून १.० ला आणला. मग मॅन्युअलप्रमाणे फ्लोटची उंची मोजली. उजवी बरोबर, डावीची जीभ किंचित वाकवली.

१९ जुलै, शनिवार

रबरी जॉइंट. हे एकच प्रकरण ओ-रिंगच्या दुकानात सुटणारं नाही. अॅल्युमिनियमच्या फ्लँजवर रबर चिकटवून घडवलेला भाग आहे. बाहेरून बऱ्या दिसणाऱ्या जोडीला हाताने पिळलं की मानेजवळ बारीक भेगा उघडतात. आरपार नाहीत अजून, पण जातील.

भोसरीतल्या एका रबर मोल्डिंगच्या गाळ्यात नमुना दाखवला. मालकाने उलटसुलट करून बघितलं.

"डाय बनवावी लागेल. एका जोडीसाठी बनवू नका, पैसे पाण्यात. पंचवीस-तीस जोड्या असतील तर बोलू."

"रबर एफकेएम?"

"देतो. पण मग घाई करायची नाही. प्रेसमधून निघाल्यावर भट्टीत ठेवावं लागतं, दोनशे डिग्रीच्या आसपास, चोवीस तास. कोणी लवकर देतो म्हणाला तर समजा की त्याने ते केलेलं नाही."

त्यांनी आणखी एक मुद्दा काढला जो माझ्या डोक्यात नव्हता. धातूला रबर पक्कं धरायला मधे लावायचं रसायन एफकेएमसाठी वेगळं लागतं. नायट्राइलचंच वापरलं तर जॉइंट दिसतो छान आणि सहा महिन्यांत फ्लँजपासून सुटतो. शिवाय जॉइंटला पेट्रोलचा पूर कायम नसतो, बाष्प आणि शिंतोडे असतात. त्यांच्या मते चांगल्या प्रतीचं नायट्राइलही तिथे बरीच वर्षं काढेल आणि थरथराट सोसायला ते बरं. मला पटलं.

आतेभावाला फोन. त्याच्या ओळखीत साडेतीनशेवाले पुष्कळ आहेत. तो म्हणाला, "अरे, तीस जोड्या म्हणजे पुण्यातल्या एका रविवारच्या राइडचं गिऱ्हाईक." बघू. तोवर बाजारात मिळणारी नव्याने बनवलेली जोडी आणली. रबर बऱ्यापैकी मऊ, पण कार्ब्युरेटरची मान आत सैल बसते, क्लँप शेवटपर्यंत आवळावा लागतो.

२७ जुलै, रविवार

जोडणी. रिंगांना बसवण्याआधी टूटी (टू-स्ट्रोक) तेलाचं बोट. कोरडी रिंग आवळताना पिळली जाते. प्लग हाताने टेकेपर्यंत आणि मग पान्याने थोडासाच. ओ-रिंगला जोर लागत नाही, खाच तिचं काम करते. सीलंट कुठेही नाही.

कॉक आधी वेगळा तपासला, त्यात पेट्रोल भरून, कागदावर ठेवून. कागद कोरडा. मग कार्ब्युरेटर गाडीवर, कॉक चालू, खाली पुठ्ठा. पुठ्ठाही कोरडा.

केबलचा मेळ घालताना तीन टोकं सांभाळावी लागतात, कार्ब्युरेटरच्या दोन स्लाइड आणि ऑटोल्यूबचा (इंजिनला तेल पुरवणारा) पंप. स्लाइड एकदम उचलल्या जातात हे कार्ब्युरेटरच्या तोंडात बोट घालून पाहिलं, पंपाची खूण पण जुळवली. हे राहिलं तर इंजिनला तेल कमी पडतं आणि सगळी सीलं नवी असून काय उपयोग.

तिसऱ्या किकला सुरू. धूर, आवाज, वरच्या मजल्यावरून एक खिडकी बंद झाली. फेरी मारून आलो, वारज्यापर्यंत आणि परत. दोन्ही प्लग काढून पाहिले, डावा आता उजव्यासारखाच तपकिरी. थेंब नाही.

पण गरम झाल्यावर रेंगाळणं तसंच. नवीन जॉइंट सैल बसतात म्हणून संशय तिकडेच गेला. चालू इंजिनवर जॉइंटभोवती पाण्याचा फवारा मारला, आवाजात काही फरक नाही.

३ ऑगस्ट, रविवार

दाबाची चाचणी. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये (इंजिनच्या बुडाच्या कप्प्यात) हवा बाहेरून कुठूनही शिरली की मिश्रण पातळ होतं, मग कार्ब्युरेटर कितीही निर्दोष असो. दोन्ही एक्झॉस्ट आणि एक जॉइंट रबरी बुचांनी बंद. दुसऱ्या जॉइंटमध्ये बूच, त्यातून नळी, आणि नळीला रक्तदाब मापायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि डायल. रीड व्हॉल्व (जॉइंटमागच्या पातळ पात्यांच्या झडपा) आतल्या बाजूला उघडतात, त्यामुळे हवा इकडून आत जाते. या इंजिनात दोन क्रँककेसच्या मधलं सील लॅबिरिंथ प्रकारचं, म्हणजे पूर्ण बंद न करणारं. त्यामुळे दोन्ही बाजू एकदमच बंद कराव्या लागतात, एकेक सिलिंडर वेगळा तपासता येत नाही.

डायल ३०० पर्यंत भरली. ३०० मिमी पारा म्हणजे साधारण ५.८ पीएसआय, आणि या चाचणीला ६ पीएसआयच लागतो, त्यामुळे हे यंत्र जणू यासाठीच बनलंय. मिनिटाला ५० मिमीपर्यंत उतरलं तर चालतं. आमची डायल डोळ्यांदेखत १०० च्या खाली गेली.

साबणाचं पाणी. जॉइंटपाशी बुडबुडा नाही, क्लँपपाशी नाही, रीडच्या पॅकिंगपाशी नाही, ऑटोल्यूबच्या नळ्यांपाशी नाही. डावं कव्हर काढून जनरेटरच्या मागे साबण सोडला, तर फेसच. डाव्या बाजूचं क्रँक सील गेलंय. उजव्या, क्लचच्या बाजूचं गेलं असतं तर गिअर ऑइल ओढलं जाऊन धूर वाढला असता. डावीकडे फक्त हवा येते, म्हणून धूर नाही, फक्त रेंगाळणं.

आतेभावाला कळवलं. तो म्हणाला, "म्हणजे कार्ब्युरेटर उगाच उघडले का?" थेंब आणि काळा प्लग गेले ते कुठून गेले, हे त्याला पुन्हा सांगावं लागलं.

डावं सील फिरणाऱ्या शाफ्टवरचं आहे, त्याला ओठ आणि आत स्प्रिंग असते, ओ-रिंगचा हिशेब इथे चालत नाही. पण मागायची रीत तीच: सीलच्या तोंडावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी छापलेली असते. आरशाने ते आकडे वाचले आणि भोसरीच्या काकांना फोनवर सांगितले, ओठ एफकेएमचा. "आहे, पण स्प्रिंग स्टेनलेसची हवी का साधी?" स्टेनलेस. शनिवारी आणायचं. जनरेटर काढायला पुलर लागेल, तो उस्तादांकडे आहे. गणपतीच्या आधी ते मोकळे असतील तर काम त्यांच्याच गॅरेजमध्ये.

जॉइंटसाठी आतापर्यंत अकरा जोड्यांची नावं आली आहेत.